तोइवोचे दगड

मदर्स डेला आईला खुर्चीत बसवायचं आणि बाकीच्यांनी राबायचं, ही रीत लेम्पीच्या घरी कधीच चालली नाही. आर्वोने अंगणात ट्रक लावला आणि दार उघडतो न उघडतो तोच वेलदोड्याच्या गोड पावाचा वास आला. डार्लीनने नवऱ्याकडे बघून उसासा टाकला.

"मी म्हटलं होतं ना, तुझी आई ऐकायची नाही. आता हा केक मी कुठे लपवू?"

"ट्रकमध्येच राहू दे," आर्वो म्हणाला. "जाताना खाऊ."

जानेवारीत आर्वोचा बाप तोइवो गेला, त्यानंतर सगळे एकत्र जमायची ही पहिलीच वेळ. रोजचं जाणंयेणं असूनही, आज तरी सासूबाई खचल्या असतील, घर पसरलेलं असेल, असं डार्लीनला उगाचच वाटत होतं. घर रोजच्यासारखंच लख्ख होतं. लेम्पीने, म्हणजे या सगळ्या फिनिश घरादाराच्या मुम्मोने, आजीने, निळा एप्रन बांधला होता आणि केस असे चापून बसवले होते की प्रेअरीवरच्या वाऱ्यालाही त्यातली एक बट सोडवता आली नसती. नणंद इर्या आणि तिचा नवरा कीथ रेजायनाहून आधीच येऊन पोचले होते. कीथ पावाच्या तिसऱ्या तुकड्यावर होता.

"या," मुम्मो म्हणाल्या. "केक आणला असशील तर आत आण, डार्लीन. ट्रकमध्ये वितळेल."

या बाईपासून काही लपत नाही हे डार्लीनला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं, पण सवय अजून झाली नव्हती.

कॉफी झाली. मग मुम्मोंनी टेबलावरच्या सगळ्या बश्या एका बाजूला सारल्या आणि साखरेच्या वड्यांचा डबा मधोमध ठेवला. दरवर्षी या दिवशी कॉफीनंतर तोइवो हाच डबा पुढे ओढायचा. जूनअखेरच्या युहान्नुसला, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवसाच्या सणाला, सगळं कुटुंब लिटल बेअर तळ्याकाठी जाऊन राहायचं. गव्हाच्या सपाट रानातून गाडी हाकत राहावं आणि अचानक जमीन वर उठून पॉपलर आणि बर्चची दाट झाडी लागावी, झाडीच्या पोटात तळं. तिथे कोणाचा तंबू कुठे पडणार, हे तोइवो मेणकापडावर साखरेच्या वड्या मांडून ठरवायचा. कपाची बशी म्हणजे तळं, वडी म्हणजे तंबू, आणि काठावर उलटा घातलेला कप म्हणजे सौना, त्याने जुन्या ताडपत्रीचा शिवलेला वाफेच्या न्हाणीचा तंबू. आत शेगडीवर दगड तापवायचे आणि त्यांवर पाणी टाकून वाफ काढायची. येणार नाही म्हणणाऱ्याची वडी तो सरळ तोंडात टाकायचा.

मुम्मोंनी बशी ठेवली, तिच्या काठाशी कप उलटा घातला. "ही आर्वो-डार्लीनची," त्या एकेक वडी मांडत म्हणाल्या. "ही इर्याची, सावलीत. कीथ उन्हाने भाजतो. आणि ही माझी, पाण्यापाशी. नेहमीसारखी."

इर्याने घसा खाकरला. "आई, यंदा मी कॉटेज घेतलंय."

"कुठे?"

"तळ्याच्या पलीकडच्या अंगाला. पलंग आहे, गरम पाणी आहे, संडास आत आहे. रात्रीचं बॅटरी घेऊन झाडीत जायला नको."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी!" इर्याने आईची वडी उचलली आणि बशीच्या पलीकडे ठेवली.

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तर माहीत होतं तुला," मुम्मो म्हणाल्या आणि वडी परत अलीकडे आणली.

डार्लीनला हसू आवरेना. तिने कप तोंडाला लावला.

"हसू नकोस, डार्लीन," इर्या म्हणाली. "मार्चमध्ये आई बर्फावर पडली, घोटा मुरगळला, तेव्हा धावत आली होतीस ना तू? मग? आणि ते काय घोट्यापुरतं होतं? हृदयाच्या गोळ्या चालू आहेत तिला. मी नर्स आहे, माझ्या डोळ्यांसमोर माणसं जातात. एक बाप गेला तेवढा पुरे झाला मला."

"त्यांच्या मनात आहे तर राहू दे की तंबूत," डार्लीन म्हणाली. "आम्ही शेजारीच असतो."

"तू मध्ये पडू नकोस गं. पप्पांच्या मयतीच्या दिवशीसुद्धा कॉफीचं सगळं तूच ठरवलंस."

"कारण तू रडत होतीस, इर्या! कोणीतरी भांडी मांडायला हवी होती."

"बास," मुम्मो म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी दोघी गप्प झाल्या. "आर्वो, तू बोल. तू थोरला आहेस."

आर्वो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. बहिणीचं त्याला पटत होतं हे डार्लीनला ठाऊक होतं, काल रात्री तो तसं म्हणालाही होता. पण आईच्या तोंडावर बोलायची छाती नव्हती. "मला काय... दोघींचंही बरोबर आहे," तो म्हणाला.

"वा!" मुम्मो म्हणाल्या. "अशाने तू खासदार होशील."

कीथ खो खो हसला आणि बायकोने बघताच थांबला.

"आणि सौना तर यंदा मुळीच नाही," इर्याने पुढचं पाऊल टाकलं. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर म्हणाला, कमी घ्या. घेऊ नका नाही म्हणाला."

"कमी! तुमच्यात कमी म्हणजे काय ते मला माहीत आहे. पप्पा कमी म्हणायचे आणि दाराची कडीसुद्धा हाताला चटके द्यायची."

मुम्मोंनी उलट्या कपावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "ऐका. आपल्यात जन्म सौन्यात आणि मयताची आंघोळही सौन्यात. बेचाळीस सालच्या बर्फात माझ्या सासूने सौन्यात मूल जन्माला घातलं, आणि सौन्यातच मी तुमच्या बापाला जानेवारीत शेवटची आंघोळ घातली असती, पण त्याने इस्पितळातच डोळे मिटले. ते राहून गेलं. मला तळ्याकाठी त्याच्या दगडांवर एकदा पाणी टाकायचं आहे. एवढं झालं की पुढच्या वर्षी मला कुठे ठेवायचं ते ठेवा. यंदा नाही." एवढं बोलून त्या आर्वोकडे वळल्या. "जा, शेडमधून दगडांच्या बादल्या आण. हिवाळ्यात ओल धरली असेल, उन्हात घालू."

आर्वो उठला नाही.

तीस वर्षांच्या संसारात डार्लीनने नवऱ्याचं हे तोंड दोनदाच बघितलं होतं, आणि दोन्ही वेळा विम्यावाल्याला बोलवावं लागलं होतं.

"आर्वो," ती हळूच म्हणाली, "काय केलंस?"

"नवीन पेरणीयंत्र ठेवायला जागा हवी होती ना," आर्वो म्हणाला. "म्हणून एप्रिलमध्ये शेड साफ केली. कोपऱ्यात दोन बादल्या होत्या. दगडांनी भरलेल्या."

"मग?"

"मग काय, आई! दगड दिसले! दगड दिसला की मी काय करतो?"

काय करणार? दर वसंतात थंडीने फुगलेली जमीन दगड ओकते, आणि दर वसंतात या घराण्यातली माणसं ते वेचून शेताच्या कोपऱ्यातल्या ढिगावर नेऊन टाकतात. आर्वोच्या आजोबांनी घोड्याच्या घसरगाडीवरून टाकले, बापाने ट्रॅक्टरवरून, त्याने यंत्राने. चालायला लागल्यापासून त्याच्या हाताला एवढंच वळण, दगड दिसला की उचल आणि फेक. बापाचे जन्मभर जपलेले, एकेक पारखून गोळा केलेले सौन्याचे दगड त्याने ट्रकमध्ये ओतले आणि शीळ घालत ढिगावर उलटे केले होते.

"देवानेच केलं हे," इर्या म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता.

"एवढं काय त्यात?" कीथ समजुतीने म्हणाला. "दगडच ना? तळ्याकाठी हवे तेवढे पडलेत."

मुम्मोंनी त्याच्याकडे मान वळवली. "कीथ, त्या वर्षी तळ्यातला दगड तापवलास आणि तो फुटला, तेव्हा भुवया परत यायला किती दिवस लागले होते रे?"

कीथचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

आता मुम्मो रडतील, असं डार्लीनला वाटलं. ती उठून त्यांच्यामागे जाऊन उभीही राहिली. पण मुम्मोंनी एप्रन सोडला, खुंटीवरचं तोइवोचं चौकड्यांचं जाकीट अंगात चढवलं आणि रबरी बूट ओढले. "चला," त्या म्हणाल्या. "आर्वो, कुदळ घे. आणि एखादी पहार."

"कुठे?" इर्याने विचारलं.

"ढिगावर. कुठे म्हणजे?"

ढीग शेताच्या ईशान्य कोपऱ्यात होता, घराएवढा. भोवती पॉपलरची रोपं उगवली होती, वरच्या फटींतून खारी डोकावत होत्या. गेल्या आठवड्यातल्या पावसाने रान ओलं होतं म्हणून पेरणी थांबली होती. एरवी आर्वोला मदर्स डे काय, स्वतःच्या बारशालासुद्धा कोणी शेतातून ओढून आणू शकलं नसतं. एप्रिलनंतर त्याने ढिगावर आणखी चार खेपा टाकल्या होत्या. त्यामुळे त्याचं पाप बरंच खोल गेलं होतं.

आर्वो आणि कीथ वरचे दगड हलवू लागले. डार्लीनने हातमोजे घातले. इर्या ट्रकच्या मागच्या फळीवर हाताची घडी घालून बसली. "मी या वेडेपणात नाही," तिने जाहीर केलं.

पहिला दगड डार्लीनलाच सापडला. बाकीचे दगड मातीने आणि शेवाळाच्या पापुद्र्यांनी रंगलेले. हा मात्र काळा, कोरडा, चुलीतून काढल्यासारखा. "मुम्मो, हा बघा!" ती पोरीसारखी ओरडली.

मुम्मोंनी दगड तळहातावर तोलला. दुसऱ्या दगडावर हलकेच आपटला, कानाशी धरला. ठक असा आवाज यायला हवा होता, आला बद्द. त्यांनी अंगठा दाबला तशी त्याची एक कडा वाळूसारखी गळून बुटावर पडली.

"मेला हा," त्या म्हणाल्या.

दुसरा सापडला, तोही बद्द वाजला. तिसऱ्याचे तर हातात दोन तुकडे झाले. आर्वोचा चेहरा पडत चालला होता. एखाद्या खुन्याला एकेक प्रेत ओळखायला लावावं तसा तो दगड काढून आईच्या पायाशी ठेवत होता.

आणि अचानक मुम्मो हसायला लागल्या. अगदी खांदे गदगदा हलवून.

"कितीदा सांगितलं त्याला!" त्या म्हणाल्या. "तोइवो, दगड मेलेत, वाफ कडू लागते, नवे आण. तर म्हणायचा, अजून पाच वर्षं जातील. पाच वर्षं! फारच हट्टी होता हो तुमचा बाप. लोकांना सांगायचा, माझ्या दगडांना तोड नाही. आणि मी मेली मुकाट्याने मान डोलवायची!"

"म्हणजे मी टाकले ते बरंच झालं म्हणायचं?" आर्वोने आशेने विचारलं.

"तू गप्प बस."

मग डोळे पुसून त्या ढिगाकडे वळल्या. या ढिगातले खालचे दगड त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूच्या बरोबरीने वेचलेले होते, मधले तोइवोबरोबर, पोरं घसरगाडीवर बसवून. पंचावन्न वर्षं इथे दगड टाकले आणि उचलून घरी न्यायची वेळ आज प्रथमच आली होती. पण त्या असं काही बोलल्या नाहीत. डार्लीनच मनातल्या मनात हे म्हणाली, आणि तिला वाटलं, अशा वेळी मी असते तर नवऱ्याच्या दगडांचे तुकडे कवटाळून बसले असते. ही बाई तुकडे बाजूला सारून नवे बघायला लागली. काय काळजाची असेल!

"काळसर बघा," मुम्मो सांगत होत्या. "जड. कण बारीक हवेत. कोपरे गोल." त्यांनी एक उचलला आणि ट्रककडे बघून हाक मारली, "इर्या, हा बरा आहे ना गं?"

इर्याने लांबूनच बघितलं. "मला नाही माहीत."

"बरं. मग घेते."

"अगं, तो नको!" इर्या फळीवरून उतरलीसुद्धा. "त्यात गुलाबी रेघ आहे. रेघेवर फुटतो तो. पप्पा नेहमी सांगायचे." तिने दगड आईच्या हातून काढून घेतला आणि लांब भिरकावला. लहानपणी दगड वेचण्यात ती आर्वोला धूळ चारायची, हे या घरात सगळ्यांना पाठ होतं. "आर्वो, तो पायाखालचा दे. तो नाही रे, आंधळ्या! त्याच्या शेजारचा."

"बघ बाई, तूच बघ," मुम्मो म्हणाल्या. "माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही."

डार्लीनने चमकून सासूकडे पाहिलं. त्याच नजरेने या बाईने सकाळी ट्रकमधला केक बघितला होता. गुलाबी रेघ तिला दिसली नाही? मुम्मोंनी सुनेकडे बघितलं, आणि तोंडाचा कोपरा किंचित हलवला. बस्स, तेवढंच.

तोइवोच्या दगडांतला एकच खणखणीत वाजला. तो मुम्मोंनी जाकिटाच्या खिशात टाकला.

दुपारभर दगड अंगणात वाऱ्यावर आणि उन्हात वाळले. उन्हं उतरायला लागली तशी, नवे दगड टिकतात का ते बघायला, आर्वोने सौन्याची शेगडी बाहेर काढली आणि ताडपत्री तारेवर पसरली. नवे दगड एकदम तापवायचे नसतात, म्हणून इर्या शेगडीपाशी बसून एकेक बारीक लाकूड सरकवत होती आणि भावाला जवळ फिरकू देत नव्हती. दगड रचताना मुम्मोंनी खिशातला जुना काढून मधोमध बसवला. एक नवा दगड फुटला, पण थोडक्यात निभावलं. कीथ तेव्हा ट्रकच्या मागे होता आणि त्याने दोन्ही हात भुवयांवर धरले होते.

बाकीचे टिकले. सगळे शेगडीभोवती खुर्च्या टाकून बसले. मुम्मोंनी घरातून पाण्याची बादली आणली आणि लांब दांड्याची तांब्याची पळी. तोइवोची पळी. सौन्यात पाणी टाकायचं ते घरातल्या कर्त्या माणसाने. बाकीच्यांनी बाकावर बसून घाम गाळायचा, आणि अती झालं तर खाली उतरायचं. इतकी वर्षं त्या पळीला तोइवोखेरीज कोणी हात लावला नव्हता. डार्लीनचा हात नकळत थोडा पुढे झाला. सकाळपासून सासूच्या बाजूने तीच एकटी लढली होती.

मुम्मोंनी पळी इर्यापुढे धरली.

"मला?" इर्या म्हणाली. "मी तर नको म्हणत होते."

"म्हणूनच. डॉक्टर कमी म्हणाला ना? मग कमी किती, जास्त किती, ते तू ठरव. तळ्यावरही तूच टाकायचंस."

डार्लीनने हात मांडीवर पुसला. क्षणभर लागलं तिला, नाही असं नाही. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की आपल्या हातात पळी आली असती तर इर्या जूनमध्ये कॉटेजातच बसून राहिली असती, तोंड फुगवून.

"आणि ते कॉटेज राहू दे," मुम्मो खुर्चीत टेकत म्हणाल्या. "दिवसा मी तंबूत. रात्री तिकडे. गुडघे दुखतात माझे जमिनीवर."

इर्या आ वासून बघत राहिली. "मग सकाळी एवढं रामायण कशाला केलंस?"

"सकाळी तू मला सांगत होतीस. आता मी तुला सांगतेय."

आर्वो मोठ्याने हसला, आणि त्याच्यापाठोपाठ कीथ. मुम्मो मात्र हसल्या नाहीत. त्या शेगडीकडे बघत होत्या.

"तू पण तिथेच झोपायचं, इर्या. माझ्या खोलीत. कीथला ठेव तंबूत." मग त्या म्हणाल्या, "तुझा बाप घोरायचा. पंचावन्न वर्षं मी त्याला कोपराने ढोसलं. आता घरात इतकं शांत असतं की मला झोपच लागत नाही. जानेवारीपासून एक रात्र नीट झोपले नाही मी. तू घोरतेस, अगदी त्याच्यासारखी. लहानपणापासून."

जानेवारीपासून. डार्लीन शेजारच्याच शेतावर राहत होती, रोज एक चक्कर टाकत होती. रोज घर लख्ख, रोज केस चापून बसवलेले, रोज गरम पाव. तिला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही.

"मी नाही हं घोरत," इर्या कसंबसं म्हणाली.

"घोरतेस," कीथ म्हणाला.

इर्याने पळी बादलीत बुडवली. ती जेमतेम अर्धी भरली, आणि तिने ते पाणी दगडांवर घाबरत घाबरत शिंपडलं. चर्र झालं. पांढरी वाफ वर आली, मुम्मोंच्या तोंडावरून गेली आणि ताडपत्रीला लागून पसरली. त्यांनी डोळे मिटले होते. इर्या नर्सच्या नजरेने आईचा चेहरा, ओठ, गळ्याजवळची शीर बघत राहिली.

"अजून," मुम्मो म्हणाल्या.

इर्याने पळी काठोकाठ भरली.